पहिला माहितीपट: विषय हाती आल्यापासून फिल्म पडद्यावर जाईपर्यंत

माहितीपटाच्या नवख्या दिग्दर्शकाकडे फुटेजची सहसा कमतरता नसते. चाळीस-पन्नास तासांचं शूट डिस्कवर पडलेलं असतं, विषय चांगला असतो, माणसंही बोलकी असतात, आणि तरी फिल्म काही उभी राहत नाही. दोष एडिटरला दिला जातो, पण बहुतेक वेळा शूटच्या आधी ज्या गोष्टी ठरवायच्या त्या ठरलेल्याच नसतात. म्हणून इथे कॅमेरा सुरू होण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

पुढचा सगळा हिशेब १५ ते २५ मिनिटांच्या फिल्मचा आणि दोन-तीन जणांच्या टीमचा आहे. पहिलीच फिल्म ९० मिनिटांची करायला घेऊ नका. तेवढ्या लांबीला एकच माणूस आणि एकच धागा पुरत नाही, आणि अर्धवट राहिलेल्या मोठ्या फिल्मपेक्षा पूर्ण झालेली छोटी फिल्म पुढचं काम मिळवून देते.

विषयातून फिल्म काढणं

'म्हातारपणातला एकटेपणा' हा विषय झाला. त्यावर लेख लिहिता येईल, पण कॅमेरा कशासमोर ठेवायचा ते त्यातून कळत नाही. आता हे पाहा: चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ दोन महिन्यांत दुकान बंद करणार आहेत, आणि गिऱ्हाइकांनी कधीच परत न नेलेली घड्याळं त्यांना ज्याची त्याला पोचवायची आहेत. ही फिल्म होऊ शकते. यात माणूस आहे, त्याच्या हाताला काम आहे, मुदत आहे, आणि ते काम पुरं होईल की नाही हे त्यालाही माहीत नाही. एकटेपणाबद्दल कुणी अक्षर न बोलता तो दिसेल.

तुमच्या विषयाची एक सोपी कसोटी घ्या. पडद्यावर दिसतील अशी दहा दृश्यं कागदावर लिहा. 'ते आपल्या बालपणाबद्दल सांगतात' हे दृश्य नव्हे. 'ते जुनी नोंदवही उघडून एक नाव शोधतात' हे दृश्य. दहांपैकी सहा-सात ठिकाणी 'सांगतात', 'समजावतात', 'मत मांडतात' असंच येत असेल तर माणूस किंवा प्रसंग बदलायला हवा. विषय तोच राहिला तरी चालेल.

यानंतर तीन कागद तयार करा. एका-दोन वाक्यांत फिल्म. एका पानात सारांश. आणि तीन ते पाच पानांचं ट्रीटमेंट. ट्रीटमेंट वर्तमानकाळात लिहायचं, प्रेक्षकाला काय दिसेल आणि काय ऐकू येईल तेवढंच. 'हृदयस्पर्शी', 'ज्वलंत' असली विशेषणं त्यात घालू नका, वाचणाऱ्याला ती काहीच दाखवत नाहीत. प्रत्यक्षात घडेल ते वेगळंच असेल, तरी हे लिहायचं, कारण शूटवर काहीतरी अचानक घडलं की ते आपल्या फिल्मचं आहे की नाही हे दोन सेकंदांत ठरवावं लागतं. ज्याने लिहून पाहिलंय त्यालाच ते ठरवता येतं.

माणसं, विश्वास आणि परवानगी

ज्यांच्यावर फिल्म करायची त्यांना पहिल्या तीन-चार वेळा कॅमेऱ्याशिवाय भेटा. या भेटींत त्यांचा दिवस कसा जातो, घरात कुणाचा शब्द चालतो, कुठल्या वेळी ते थकलेले असतात, कोणता विषय निघाला की गप्प होतात, हे कळतं. त्यांनाही तुम्ही कळता, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

याच भेटींत पाच गोष्टी स्पष्ट सांगा: फिल्म कशाबद्दल आहे, साधारण किती दिवस तुम्ही येणार, ती कुठे दाखवली जाऊ शकते, मोबदला मिळणार आहे की नाही, आणि पूर्ण होण्याआधी तुम्ही त्यांना ती दाखवणार आहात की नाही. शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त नाती तुटतात. सार्वजनिक प्रदर्शनाआधी फिल्म दाखवणं योग्यच. चुकीचं नाव, चुकीचं वर्ष, कुणाला धोका होईल असा तपशील तेव्हा दुरुस्त होतो. पण काय ठेवायचं, काय काढायचं याचा अंतिम निर्णय कुणाचा, हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. कामाच्या भरात 'तुम्हाला नको असेल ते काढून टाकू' असं सहज बोललेलं वाक्य एडिट संपल्यावर समोर येतं.

लेखी संमतिपत्र शूटच्या पहिल्या दिवशीच घ्या. त्यात माणसाचं नाव, फिल्मचं तात्पुरतं नाव, चित्र आणि आवाज वापरायची परवानगी, कुठल्या माध्यमांत आणि किती काळ, तारीख आणि सही हवी. मूल असेल तर पालकांची सही हवी, शिवाय मुलाला स्वतःला विचारायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला मजकूर वाचून दाखवून त्याचा होकार कॅमेऱ्यावर नोंदवा. आणि कागदावर सही झाली म्हणजे विचारणं संपलं असं समजू नका. आजारपण, मृत्यू, भांडण असा प्रसंग आला की त्या दिवशी पुन्हा विचारायचं.

संस्था, कारखाना, शाळा अशा ठिकाणी तोंडी परवानगीवर एकही दिवस शूट करू नका. नेहमी घडतं ते असं: व्यवस्थापक मोकळेपणाने 'या' म्हणतात, चार महिन्यांनी त्यांची बदली होते, नव्या माणसाला काहीच ठाऊक नसतं, आणि निम्मी फिल्म अडकते. परवानगीपत्रात तारखा, जागा आणि संस्थेचा अधिकार असलेल्या माणसाची सही हवी.

ओळख लपवायची असेल तर फक्त चेहरा धूसर करून भागत नाही. आवाज, चालण्याची ढब, हातावरचं गोंदण, खिडकीबाहेरची पाटी, मागच्या भिंतीवरचा फोटो, यांतलं काहीही पुरेसं असतं. अशा माणसाचं शूट मुळातच पाठमोरं किंवा फक्त हातांचं करावं. उघड्या चेहऱ्याचं फुटेज डिस्कवर असलं की ते कुणाच्या तरी हाती लागू शकतं.

आवाज आधी, चित्र नंतर

प्रेक्षक हललेलं, अंधारं, दाणेदार चित्र चालवून घेतो. बोलणं कळलं नाही तर तो फिल्ममधून उठतो. तरीही नवखे दिग्दर्शक लेन्सवर खर्च करतात आणि माइक उधार आणतात. टीममध्ये दोघंच असाल तर दिग्दर्शकाने आवाज सांभाळावा. अमेरिकी माहितीपटकार फ्रेडरिक वाइजमन यांनी आपल्या फिल्म्स अशाच केल्या: शूटवर ध्वनिमुद्रण ते स्वतः करत, सोबत एक कॅमेरामन आणि एक सहायक. कानाला हेडफोन असला की खोलीत कुठे काय घडतंय ते डोळ्यांच्या आधी कळतं, आणि कॅमेरामनला हाताच्या खुणेने तिकडे वळवता येतं.

बूम माइक (लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक) बोलणाऱ्यापासून अर्ध्या मीटरच्या आसपास, फ्रेमच्या अगदी कडेबाहेर ठेवा. एक मीटरवर गेला की खोलीचा घुमारा आवाजात मिसळतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मधोमध लावायचा. कपड्याच्या आत लावायचा असेल तर चिकटपट्टीची चिकट बाजू बाहेर ठेवून दोन छोट्या त्रिकोणी घड्या करा आणि माइक त्यांच्यामध्ये बसवा. एक घडी कपड्याला धरते, दुसरी अंगाला, आणि कापड माइकवर घासत नाही. माइकच्या खाली वायरला एक छोटा वळसा देऊन तोही चिकटवून टाका, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत पोचत नाही. कृत्रिम धाग्याचे कपडे सुतीपेक्षा जास्त खसखसतात. मुलाखतीच्या आदल्या दिवशीच सुती कपडे घालायला सांगा.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावीत. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो पुन्हा सांधता येत नाही. फ्रिज, पंखा, बॅटरी चार्जर बंद करा. फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय तुम्हाला निघताच येणार नाही. दूरचित्रवाणी किंवा रेडिओवर गाणं सुरू असेल तर विनंती करून बंद करायला सांगा. संवादामागे वाजणाऱ्या गाण्याचे हक्क घ्यावे लागतात आणि ते संवादातून वेगळं काढणं अवघड जातं. प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधली पोकळी भरायला तोच लागतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असलेल्या देशांत सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर, ६० हर्ट्झ असलेल्या देशांत ३० किंवा २४ फ्रेम आणि १/६० शटर. नाहीतर दिव्यांच्या प्रकाशात चित्र लुकलुकतं. एक्सपोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाचा मेळ) हाताने ठरवा. मोबाइलवर शूट करत असाल तर फ्रेमचा वेग बांधून ठेवणारं ॲप वापरा. मोबाइलचा वेग आपोआप कमी-जास्त होतो आणि वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज दहा मिनिटांत ओठांपासून सुटतो.

प्रसंग कसा टिपायचा

घड्याळजींच्या दुकानाचंच उदाहरण घेऊ. ते एक जुनं मनगटी घड्याळ उघडतात, दुरुस्त करतात आणि गिऱ्हाइकाच्या हाती देतात. कामाला वीस मिनिटं लागतात, फिल्ममध्ये त्याचं दीड मिनिट होईल. मग काय काय हवं? दारातून दिसणारं संपूर्ण दुकान. कंबरेपासून वर ते आणि त्यांचं टेबल. डोळ्याला भिंग लावलेला चेहरा. चिमट्याने उचललेला स्क्रू, अगदी जवळून. कप्प्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या. वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा, बोलत नसताना. घड्याळ हातात पडतं तो क्षण, दोघं एका फ्रेममध्ये. गिऱ्हाईक गेल्यावर रिकामी झालेली खुर्ची.

प्रत्येक शॉट स्थिर धरून मनात दहापर्यंत मोजा. नवख्यांचे शॉट तीन-चार सेकंदांत संपतात, कारण डोळ्यांनी बघून झालेलं असतं. एडिटला मात्र शॉटची सुरुवात आणि शेवट लागतो. एकदा सगळा प्रसंग न थांबता सलग घ्या, मग तुकडे घ्या. आणि कॅमेरा लवकर बंद करू नका. काम आटोपून हात पुसताना माणूस जे बोलतो ते मुलाखतीत पुन्हा येत नाही.

रोजच्या सवयीची कृती पुन्हा करायला सांगणं चालतं: 'दार उघडून परत आत या.' घडलेला प्रसंग, भांडण, अश्रू पुन्हा मागायचे नाहीत. हीच शिस्त एडिटमध्ये पाळायची. एका प्रसंगावरची प्रतिक्रिया उचलून दुसऱ्याला जोडली की फिल्मवरचा विश्वास तिथेच संपतो, आणि ज्या माणसाचा तो चेहरा आहे त्याला ते पहिल्याच खेळात कळतं.

मुलाखत

मुख्य मुलाखत पहिल्या दिवशी घेऊ नका. पहिल्या दिवशी माणूस ठरवून ठेवलेलं बोलतो. चार-सहा दिवस कामावर शूट झालं की तुम्ही काय पाहिलंय हे त्याला माहीत असतं आणि प्रश्नही नेमके विचारता येतात. वेळ तासभर, फार तर दीड तास.

डोळे कुठे बघणार ते आधी ठरवा. तुम्ही लेन्सला अगदी खेटून, माणसाच्या नजरेच्या उंचीवर बसलात की दोन्ही डोळे दिसतात आणि नजर जवळची वाटते. तुम्ही बाजूला सरकलात की फक्त कड दिसते. थेट प्रेक्षकाकडे बघून बोलणं हवं असेल तर वेगळी सोय करावी लागते. अमेरिकी माहितीपटकार एरॉल मॉरिस यांनी त्यासाठी आरशांची जोडणी करून 'इंटरोट्रॉन' बनवलं, ज्यात बोलणाऱ्याला लेन्सच्या जागी प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा दिसतो.

तुमचे प्रश्न फिल्ममध्ये राहणार नसतील तर उत्तरात प्रश्न गुंफायला सांगा. 'कधी सुरू केलं?' याला 'एकोणिसाव्या वर्षी' हे उत्तर एडिटला निरुपयोगी; 'मी हे दुकान एकोणिसाव्या वर्षी सुरू केलं' हे उपयोगी. हो-नाहीत संपणारे प्रश्न टाळा. 'तुम्हाला वाईट वाटलं का?' असं न विचारता 'ते पत्र आलं त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?' असं विचारा. माणूस दिवस आठवू लागला की भावना आपोआप येते. ऐकताना मान हलवा, पण 'हं, हं' करू नका, ते सगळं ट्रॅकवर येतं. उत्तर संपल्यावर चार-पाच सेकंद गप्प राहा. ही शांतता नवख्या दिग्दर्शकाला जड जाते, म्हणून तो पुढचा प्रश्न टाकतो; आणि समोरचा जे खरं सांगणार होता ते राहून जातं. शेवटी 'मी विचारायचं राहिलं असं काही आहे का?' एवढं विचारा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा.

रोज रात्रीचं काम

१०० मेगाबिट प्रतिसेकंदाने शूट केलं तर ताशी ४५ जीबी होतात. ४० तासांचे १.८ टीबी. तीन प्रती धरल्या तर ५.४ टीबी जागा लागते, आणि हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या पानावर हवा. दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरात. फाइल बरोबर उतरली की नाही ते पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरने कॉपी करा, आणि दोन प्रतींची पडताळणी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. त्यानंतर अर्धा तास देऊन वहीत लिहा: आज काय मिळालं, काय निसटलं, फिल्म आज सकाळपेक्षा कशी बदलली. थकलेल्या अवस्थेत हे नकोसं होतं, पण तीन महिन्यांनी एडिटला बसल्यावर या वहीसारखी मदत कशाचीच होत नाही.

एडिट

२० मिनिटांच्या फिल्मसाठी ४० तास फुटेज म्हणजे १२० ला १ हे प्रमाण, आणि ते बरंच जास्त आहे. २० ते ६० ला १ इथे थांबलात तर एडिट आवाक्यात राहतो. पहिल्यांदा सगळं फुटेज एकदा पूर्ण बघा, कापू नका, फक्त नोंदी करा. पहिल्या वेळी जिथे पोटात काही हललं तिथे खूण करा, कारण दहाव्या वेळी ते जाणवणार नाही. मुलाखती शब्दशः कागदावर उतरवून काढा. हाताने एका तासाच्या बोलण्याला चार-पाच तास लागतात. सॉफ्टवेअरने पटकन होतं, पण नावं, आकडे आणि बोलीतले शब्द मूळ आवाज ऐकून तपासा.

मग प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करून भिंतीवर लावा. दोन कार्डांमधला दुवा 'आणि मग' असा असेल तर रचना सैल आहे. 'म्हणून' किंवा 'पण' असा असेल तर ती पुढे सरकते. पहिली जुळणी तासाभराची होईल, घाबरू नका. तिथून ३०-३५ मिनिटांचा रफ कट (कच्ची जुळणी), मग फाइन कट (बारीक कापणी), मग पिक्चर लॉक, म्हणजे चित्राची जुळणी कायम करणं. लॉकनंतर एकही फ्रेम हलवायची नाही, कारण आवाज, रंग आणि सबटायटल तिघंही त्या वेळांवर काम करतात.

रफ कट विषय माहीत नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवा. आधी काही समजावून सांगू नका. नंतर तीनच गोष्टी विचारा: कुठे कंटाळा आला, काय कळलं नाही, फिल्म कशाबद्दल होती. तिघांनी एकच जागा दाखवली तर दोष खरा आहे, पण तो बहुधा त्या जागेच्या थोडा आधी असतो. लोक उपायही सुचवतील. ते ऐकून घ्या, आणि उपाय स्वतः शोधा.

निवेदन शेवटी ठरवा. चित्रातून जे कळतं तेच निवेदक बोलत असेल तर तेवढं वाक्य काढा.

शेवटचे हात आणि हक्क

तयार गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात: रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची. त्या बहुधा वेगवेगळ्या लोकांकडे असतात. जुनं फुटेज घेताना फक्त महोत्सवांचे हक्क स्वस्तात मिळतात; पुढे प्रसारण झालं तर काय दर लागेल, ते त्याच करारात लिहून घ्या. सबटायटल दोन ओळींपेक्षा जास्त नको, ओळीला चाळीसेक अक्षरं, पडद्यावर एक ते सात सेकंद. युरोपीय प्रसारणासाठी ध्वनिपातळी उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) लागते. चित्रपटगृहासाठी डीसीपी (तिथल्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत) करताना २४ फ्रेम सर्वांत निर्धोक. २५ ची फिल्म २४ वर आणली की ती ४ टक्के लांबते आणि आवाजाची पट्टी उतरते, तेव्हा ते मिक्सच्या (सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या) वेळीच दुरुस्त करून घ्या.

महोत्सव आणि पुढची कामं

फिल्म झाली की लगेच इंटरनेटवर टाकू नका. अनेक महोत्सव पहिल्या प्रदर्शनाचा आग्रह धरतात आणि सार्वजनिक लिंक असली की ती संधी जाते. पासवर्ड लावलेली लिंक पाठवा. ॲमस्टरडॅमचा इडफा, टोरोंटोचा हॉट डॉक्स, ब्रिटनमधला शेफील्ड, स्वित्झर्लंडमधला न्यों आणि एक वर्षाआड होणारा जपानमधला यामागाता हे फक्त माहितीपटांसाठी ओळखले जाणारे महोत्सव. पण सगळा पैसा मोठ्या नावांच्या प्रवेश शुल्कावर घालवू नका. तीन मोठे, पाच मध्यम, आणि तुमच्या विषयाशी जवळचे पाच असा भाग करा. अमेरिकी ऑस्कर अकादमी श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतच्या फिल्मला लघुपट मानते. तुमची फिल्म ४३ मिनिटांची होत असेल तर तीन मिनिटं कापण्याचा गंभीरपणे विचार करा. प्रसिद्धीसाठी स्वतंत्र छायाचित्रं शूटच्या दिवसांतच काढून ठेवा. व्हिडिओतून काढलेली फ्रेम छपाईला कमी पडते.

सुरुवातीची काही वर्षं फक्त स्वतःच्या फिल्मवर घर चालत नाही, हे गृहीत धरून कामं निवडा. संशोधक, साउंड रेकॉर्डिस्ट आणि सहायक एडिटर ही तीन कामं दिग्दर्शकाला सर्वांत जास्त शिकवतात. विशेषतः दुसऱ्याचं फुटेज एडिट करताना शूटमध्ये काय राहून जातं ते रोज दिसतं. संस्थांसाठी फिल्म करताना करारात फिल्मची लांबी, किती वेळा बदल करून द्यायचे (दोन किंवा तीन), पैसे कुठल्या टप्प्याला किती, काम मध्येच थांबलं तर किती, आणि कच्चं फुटेज कुणाचं, हे पाच मुद्दे हवेत. बदलांची संख्या लिहिलेली नसेल तर ते काम संपत नाही.

निधीसाठी अर्ज करताना दोन-तीन मिनिटांचा नमुना व्हिडिओ ट्रेलरसारखा जोरकस कापू नका. त्यात एक पूर्ण प्रसंग ठेवा. तुम्हाला त्या माणसाजवळ किती जाता येतं, हेच निवड करणाऱ्याला त्यातून बघायचं असतं. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व अशा भागांतल्या दिग्दर्शकांसाठी इडफा बर्था फंडासारखे निधी आहेत. त्यांना बहुतेक वेळा अंदाजपत्रक, ट्रीटमेंट आणि हाच नमुना लागतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात लिहिलेले ते तीन कागद जपून ठेवा, आणि दर दोन महिन्यांनी त्यांत बदल करत राहा.